जुन्या गोदामाचे निवासी रूपांतर: विटांच्या भिंतीला आतून उष्णतारोधक लावावा का?

प्रश्न: दगडीजोते

नमस्कार. शंभराहून अधिक वर्षे जुन्या, चार मजली गोदामाचे सदनिकांमध्ये रूपांतर करण्याच्या कामावर मी सध्या आहे. रचनेच्या मजबुतीचा भाग दुसऱ्या अभियंत्यांकडे असून इमारतीचे बाह्यावरण, म्हणजे भिंती, छप्पर, खिडक्या आणि जमिनीशी येणारा सांधा, माझ्याकडे आहे. नव्या इमारतींचा अनुभव मला आहे, मात्र चुन्यात बांधलेल्या भरीव भिंतींचा नाही, म्हणून येथे विचारत आहे.

भिंती भाजक्या विटांच्या असून त्यांत पोकळी नाही. तळमजल्यावर त्यांची जाडी ६०० मिमी आहे, मधल्या दोन मजल्यांवर ४५० मिमी आणि सर्वांत वर ३५० मिमी. मजल्यांच्या लाकडी तुळया भिंतीतल्या कोनाड्यांत टेकलेल्या आहेत. छप्पर लाकडी कैच्यांवर आहे आणि भोवती वीटकामाचा कठडा उभा आहे. खिडक्या पोलादी चौकटीच्या, एकेरी काचेच्या आहेत. बाहेरचा दर्शनी भाग संरक्षित असल्यामुळे उष्णतारोधक बाहेरून लावण्याचा पर्याय उपलब्ध नाही. हिवाळ्यात रात्रीचे तापमान शून्याखाली पाच अंशांपर्यंत उतरते, उन्हाळा दमट असतो आणि वाऱ्यासह येणारा पाऊस मुख्यतः एकाच बाजूने झोडपतो.

वास्तुरचनाकारांना आतली वीट उघडी हवी आहे. उष्णतारोधक पुरवणाऱ्याने आतून १०० मिमी जाडीचा बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम फवारावा आणि बाहेरून सिलिकॉनचे पारदर्शक जलरोधक द्रव्य मारावे, असा प्रस्ताव दिला आहे. विकासकाचे म्हणणे असे, की इतकी वर्षे जी भिंत कोरडी राहिली, ती पुढेही राहील, तेव्हा तिला हात लावू नये.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो. सर्वांत वरच्या मजल्यावर काही दशकांपूर्वी सिमेंटने दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, भरलेल्या आहेत आणि तेथे विटांचे पापुद्रे सुटले आहेत. तळमजल्यावर जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंचीपर्यंत ओलीचा पट्टा दिसतो. जमिनीतून चढणारी ओल अडवण्यासाठी तेथे भोके पाडून रसायन भरण्याचा सल्ला मिळाला आहे. या तीन मतांपैकी कोणाचे ऐकावे, आणि निर्णयाआधी कोणत्या तपासण्या अनिवार्य मानाव्यात?

उत्तर १: चुनखडी

हे गोदाम इतकी वर्षे कोरडे का राहिले, याचे उत्तर आधी मांडतो, कारण विकासकाचा युक्तिवाद त्यावरच उभा आहे आणि तो निम्माच खरा आहे. भरीव भिंत पाऊस अडवत नाही, ती तो पिते. पाऊस थांबला की प्यायलेले पाणी दोन्ही पृष्ठभागांवाटे हवेत सोडते. गोदामात आतली हवा बाहेरच्या हवेसारखीच होती, दारे-खिडक्यांच्या फटींतून वारा खेळत होता आणि आत पाणी निर्माण करणारे कोणी नव्हते. आता त्याच भिंतीच्या आत कुटुंबे राहणार. स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळवणे आणि श्वासोच्छ्वास मिळून चार माणसांचे घर दिवसाला सुमारे १० लिटर पाणी बाष्परूपाने हवेत सोडते. त्याच वेळी आपण फटी बुजवणार, हिवाळ्यात घर तापवणार आणि उन्हाळ्यात थंड करणार. भिंत तीच राहिली, तरी तिचे काम पूर्णपणे बदलले आहे.

तरीही माझ्या क्रमात पहिला मान आतल्या हवेतल्या बाष्पाला नाही, पावसाच्या पाण्याला आहे. शंभर चौरस मीटर छपरावर ५० मिमी पाऊस पडला, की ५००० लिटर पाणी पन्हळींत येते. एखादा उतरता नळ तुंबलेला असेल, तर त्यातले कितीतरी भिंतीच्या एकाच पट्ट्यात जिरते, आणि अशा पट्ट्यापुढे बाष्पाची सारी गणिते फिकी पडतात. म्हणून आधी पन्हळी, नळ, कठड्याच्या माथ्याची शिळा, खिडक्यांचे तळ आणि दरजा यांची तपासणी भर पावसात उभे राहून करावी. नकाशावर बसून ती होत नाही. कठड्याच्या माथ्याची शिळा भिंतीच्या पुढे आलेली असावी, तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच असावी आणि शिळेखाली सलग जलरोधक थर असावा. कठडा दोन्ही बाजूंनी भिजतो आणि त्याला आतून ऊब मिळत नाही, त्यामुळे इमारतीतला सर्वांत ओला भाग बहुधा तोच निघतो.

सिमेंटच्या दरजा काढाव्या लागतील. मसाला विटेपेक्षा मऊ आणि अधिक बाष्पवाहक असला, की पाणी दरजेतून बाहेर पडते आणि झीज झाली तर मसाल्याची होते. तो पुन्हा भरता येतो. सिमेंटने हा क्रम उलटा केला, पाणी विटेतून सुटू लागले आणि वीट सोलली गेली. दरज तिच्या रुंदीच्या किमान दोन ते अडीच पट खोल मोकळी करून मूळ मसाल्याशी जुळणाऱ्या चुन्याने भरावी. मोकळी करताना विटेच्या कडा कापणारी चक्री यंत्रे अननुभवी हातात देऊ नयेत, आणि विटा साफ करण्यासाठी वाळूचा मारा तर कधीच करू नये, कारण भाजताना विटेवर तयार झालेली कठीण त्वचा त्यात निघून जाते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मधल्या मजल्यांच्या ४५० मिमी भिंतीसाठी विटेची उष्णतावाहकता ०.७ धरून मी साधे स्थिर गणित केले. उघड्या भिंतीचे यू-मूल्य, म्हणजे तिच्यातून उष्णता किती गळते तो आकडा, सुमारे १.२ येते. आतून ५० मिमी लाकूडतंतूचा फलक, वाहकता ०.०४, लावला तर ते ०.४९ होते आणि १०० मिमी लावला तर ०.३०. म्हणजे पहिल्या ५० मिमीने उष्णतेची गळती साठ टक्क्यांनी घटते, तर पुढच्या ५० मिमीने मूळ गळतीच्या आणखी पंधराच टक्क्यांची भर पडते.

आता त्याची दुसरी बाजू पाहा. आत २० अंश आणि बाहेर उणे ५ असताना उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १६ अंशांवर असतो. ५० मिमी रोधकामागे विटेचा आतला पृष्ठभाग सुमारे ३ अंशांवर उतरतो आणि १०० मिमीमागे जवळजवळ शून्यावर, म्हणजे त्या रात्री अख्खी भिंत गोठणबिंदूच्या खाली जाते. आतल्या हवेची आर्द्रता ५० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे तिच्यातले बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तो, ९.३ अंश असतो. रोधकामागे खोलीतली हवा पोहोचली, तर दोन्ही जाडींत पाणी धरणारच. फरक एवढाच, की जाड रोधकामागे ते अधिक काळ राहील आणि गोठेलही.

या आकड्यांतून एक गोष्ट सुटू नये. उघड्या भिंतीचे १६ अंश बुरशीच्या दृष्टीने पुरेसे आहेत. जर्मन मानक डीआयएन ४१०८ बुरशी टाळण्यासाठी याच परिस्थितीत १२.६ अंशांची मर्यादा धरते. त्यामुळे ‘रोधक नसेल तर बुरशी येईल’ ही भीती निदान मधल्या मजल्यांच्या सपाट भिंतींना लागू होत नाही. कोपरे आणि भिंतीला टेकवलेली कपाटे यांचा हिशोब मात्र वेगळा करावा लागेल. रोधक लावायचा तो ऊर्जेसाठी आणि भिंतीजवळ बसणाऱ्याच्या सुखासाठी.

माझे मत मधल्या दोन मजल्यांपुरते सांगतो. केशाकर्षणाने ओल आत खेचून खोलीकडे सोडू शकणारा रोधक, म्हणजे लाकूडतंतू किंवा कॅल्शियम सिलिकेटचा फलक, ५० मिमीपर्यंत लावावा. आधी चुन्याच्या गिलाव्याने भिंत समतल करावी, फलक पूर्ण पृष्ठभागावर मसाला पसरून चिकटवावा, मागे कोठेही पोकळी ठेवू नये आणि वरून चुन्याचाच गिलावा करून बाष्पवाहक रंग द्यावा. त्यावर प्लास्टिक रंग किंवा विनाइलचा भिंतकागद लावला, तर सारी मेहनत वाया जाते. ही अट घरमालकांना द्यायच्या पुस्तिकेत लिहावी लागेल.

सिलिकॉन मारू नये. ते बाष्प काही प्रमाणात जाऊ देते, परंतु भिंतीतले द्रवरूप पाणी पृष्ठभागापर्यंत येऊ देत नाही. मग क्षार त्या थराच्या मागे स्फटिक बनतात आणि विटेचा दर्शनी भाग ढकलून पाडतात. शिवाय पाणी भिंतीत शिरते ते बहुधा दरजांतल्या भेगांतून, आणि भेगा ते बुजवत नाही.

उत्तर २: तुळईतज्ज्ञ

चुनखडी यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु या इमारतीत सर्वांत आधी काय मरेल असे विचारले, तर मी विटेकडे नव्हे, तुळयांच्या टोकांकडे बोट दाखवीन. वीट भिजली तर वाळते. तुळईचे टोक कुजले, तर मजला कशावर टेकलेला आहे हे बाहेरून कळतही नाही.

लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल, तर निश्चिंत राहावे. तंतू पूर्ण भरण्याची पातळी सुमारे ३० टक्के असते आणि तिच्या आसपास कुजवणाऱ्या बुरशीला हवे तसे वातावरण मिळते. आज आपल्या तुळयांची टोके उबेमुळे नव्हे, हवा खेळती असल्यामुळे टिकली आहेत. आतून रोधक लावला, की टोक ज्या विटांत बसले आहे त्या थंड होतात आणि त्यांचे वाळणे मंदावते. त्याच वेळी तुळईच्या कडेने, आणि तुळईला लांबीच्या दिशेने पडलेल्या भेगांतून, खोलीतली उबदार हवा कोनाड्यात शिरून थंड पृष्ठभागावर पाणी सोडते. फलकांतून होणाऱ्या बाष्पप्रसरणापेक्षा अशा फटींतून वाहणारी हवा कितीतरी पट अधिक पाणी वाहून नेते. म्हणून तुळई जेथे फलकातून आरपार जाते, तेथे हवाबंद पट्टी लावताना लाकडातल्या भेगाही भरून घ्याव्यात. नुसती भोवतीने पट्टी चिकटवून काम होत नाही.

कोनाड्यात मसाला किंवा फोम ठासून भरू नये. अनेक जुन्या गोदामांत तुळईच्या टोकाचा वरचा भाग तिरपा कापलेला आढळतो, जेणेकरून आगीत तुळई जळून तुटली, तर ती भिंतीला उचकटून न पाडता निसटून खाली पडावी. त्यामुळे वर राहिलेली जागा पोकळी समजून भरण्याचा मोह कामगारांना होतो. कृपया हे चित्रासह लिहून द्यावे.

तपासणीबाबत: प्रत्येक टोकाजवळ टाचण्यांच्या ओलावामापकाने लांब, आवरण असलेल्या टाचण्या वापरून खोलवर मोजमाप घ्यावे, आणि संशयास्पद ठिकाणी बारीक सुईने छिद्र पाडत लाकडाचा प्रतिरोध नोंदवणाऱ्या यंत्राने आतली पोकळी शोधावी. पावसाची बाजू आणि वरचा मजला यांतली सर्व टोके तपासावीत, इतरत्र नमुना पुरेल. जेथे ओलावा सीमेवर आहे, तेथे बोरॉनच्या कांड्या बसवता येतात. लाकूड भिजले की त्या विरघळतात आणि नेमके तेथेच औषध पसरते. मात्र त्यांना संरक्षण मानावे, उपाय मानू नये. पाण्याचा उगम तसाच राहिला, तर कांड्या संपतात आणि पाणी संपत नाही.

उत्तर ३: फवारणीवाला

येथे फोमला इतक्या सहज बाद केले गेले, म्हणून लिहितो. मी अशी कामे अनेक वर्षे करत आहे. बंद पेशींचा फोम खडबडीत विटेला पूर्ण चिकटतो, मागे पोकळी राहत नाही, आणि हवाबंदी व बाष्परोध एकाच थरात मिळतो. आपण सांगत असलेल्या फलकपद्धतीत भिंत समतल करणे, पूर्ण मसाला, कोपरे, खिडक्यांच्या बगला, तुळयांभोवतीच्या पट्ट्या, या प्रत्येक पायरीवर कारागिराची चूक होऊ शकते आणि एक फट राहिली तरी मागे पाणी धरते, हे आपणच सांगितले आहे. थंड प्रदेशांत फोम लावलेली जुनी वीटकामाची घरे उत्तम स्थितीत उभी आहेत. उन्हाळ्याचाही विचार करावा: भिजलेल्या भिंतीवर ऊन पडले, की बाष्प आत ढकलले जाते. आत थंड केलेली खोली असेल, तर आपल्या ‘श्वास घेणाऱ्या’ भिंतीतून ते सरळ घरात येईल.

उत्तर ४: चुनखडी

फवारणीवाला यांचा उन्हाळ्याचा मुद्दा योग्य आहे आणि तो मी आधी मांडायला हवा होता. बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २८ अंश असतो; २४ अंशांच्या खोलीच्या बाजूला असलेल्या कोणत्याही बाष्परोधक पडद्यामागे त्या काळात पाणी धरू शकते. मात्र नेमके याच कारणाने मी आतल्या बाजूला साधा पॉलिथिनचा पडदा नाकारतो. जेथे पडदा लागणारच असेल, तेथे आर्द्रतेनुसार बाष्पवाहकता बदलणारा पॉलिअमाइडचा पडदा घ्यावा, जो हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत आवळतो आणि उन्हाळ्यातल्या दमट काळात मोकळा होतो. आत येणारे बाष्प थंड करणारी यंत्रणा काढून टाकू शकते, पण त्यासाठी ती आर्द्रता काढण्याच्या हिशोबाने निवडलेली असावी. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली पटकन थंड करून बंद पडते आणि बाष्प तसेच ठेवते.

फोम कोठेच चालत नाही असे माझे म्हणणे नाही. कोरडी, कमी पाऊस झेलणारी, दंव सहन करणाऱ्या विटेची भिंत असेल, तुळया भिंतीत नसतील, तर ५० मिमी फोम टिकतो. माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की फोममुळे आतल्या बाजूने वाळण्याची वाट कायमची बंद होते आणि पुढच्या वीस वर्षांत पन्हळ कधीच गळणार नाही, यावर आपण सारे काही पणाला लावतो. दुसरा असा, की तो विटेपासून पुन्हा वेगळा करता येत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून वारसा वास्तूंबाबतचा विचार मूळ द्रव्य जपण्याच्या दिशेने गेला आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या बुरा सनदेने ‘आवश्यक तेवढेच, पण शक्य तितके कमी’ असे तत्त्व घातले आहे. विटेचा पृष्ठभाग ओरबाडल्याशिवाय न निघणारा थर या तत्त्वात बसवणे कठीण आहे. आगीच्या दृष्टीने त्यावर वेगळे आवरण लागते, हा खर्चही प्रस्तावात धरलेला असावा.

कारागिराच्या चुकीबाबत आपले म्हणणे मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून मी एक संपूर्ण खोली आधी नमुना म्हणून करून घेतो, खिडकी आणि तुळईसह, आणि मगच उरलेल्या कामाला हात लावू देतो.

दगडीजोते

सर्वांचे आभार. या चर्चेनंतर दोन गोष्टी केल्या. वरच्या मजल्यावरील अकरा तुळईटोकांपैकी चारांत ओलावा २४ ते २८ टक्के निघाला. ती चारही पावसाच्या बाजूला, एका तुंबलेल्या नळाच्या दोन्ही अंगांना आहेत. मधल्या मजल्यांवर सर्व मोजमापे १३ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान आहेत.

दुसरी गोष्ट तळमजल्याची. जुन्या कागदपत्रांतून कळले, की तेथे अनेक वर्षे मीठ आणि मीठ लावलेली कातडी साठवली जात होती. ओलीच्या पट्ट्याशी याचा संबंध असू शकतो का? विजेच्या ओलावामापकाने त्या पट्ट्यात वाचन अगदी टोकाला जाते.

उत्तर ५: लोणाचिकित्सक

संबंध असण्याची शक्यता मोठी आहे, आणि भोके पाडून रसायन भरण्याचे काम मी आजच थांबवीन. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि कॅल्शियम नायट्रेटसारखे क्षार तर त्याहून बऱ्याच कमी, पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेलाही. म्हणजे जमिनीतून एक थेंबही वर न चढता भिंत ओली दिसू शकते. कातड्यांमुळे नायट्रेटही असण्याचा संभव आहे. विजेचे मापक पाणी मोजत नाही, विद्युतवाहकता मोजते. क्षार असलेल्या भिंतीत त्याच्या वाचनाला अर्थ उरत नाही.

भिंतीतून वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या खोलीवर भुकटीचे नमुने काढावेत. छिद्र पाडताना यंत्र हळू चालवावे, नाहीतर उष्णतेने नमुनाच वाळतो. नमुना वजन करून १०५ अंशांवर वाळवून पुन्हा वजन करावा, म्हणजे खरा ओलावा कळतो. तोच नमुना नंतर ७५ टक्के आर्द्रतेच्या बंद पेटीत ठेवून त्याने हवेतून किती पाणी घेतले, तेही मोजावे. हे दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले, तर ओल क्षारांची आहे. पहिला बराच मोठा असेल आणि खाली जाताना वाढत असेल, तर जमिनीतूनही पाणी येत आहे. मीठ साठवण्याची रास किती उंच लागत होती, हेही विचारून पाहा. ओलीच्या पट्ट्याची वरची कड कधीकधी तेवढ्याच उंचीवर सापडते.

पुढचा धोका वेगळा आहे. घर तापू लागले, की ही भिंत वाळू लागेल, क्षार पृष्ठभागाकडे येतील आणि स्फटिक होतील. पहिली दोन-तीन वर्षे लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, भरपूर फुटेल आणि विटेची भुकटी गळेल. त्यामुळे तळमजल्यावर वीट उघडी ठेवण्याचा वास्तुरचनाकारांचा आग्रह मान्य करू नये. पाण्याने भिंत धुऊ नये, कारण क्षार आणखी आत जातात. सुटा लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर न्यावा, मग कागदाचा लगदा आणि चिकणमातीचा ओला लेप देऊन तो वाळू द्यावा आणि काढून टाकावा. असे दोन-तीन वेळा. नंतर सच्छिद्र चुन्याचा गिलावा करावा, जो क्षार स्वतःत घेऊन झिजेल आणि काही वर्षांनी पुन्हा करता येईल. कॅल्शियम सिलिकेटचा फलक येथे थेट भिंतीला लावू नये; त्याची छिद्रे क्षारांनी भरली, की ज्या गुणासाठी तो निवडला तोच गुण संपतो.

भिंत ६०० मिमी जाड आहे, तेव्हा तळमजल्यावर रोधक न लावण्याने होणारे नुकसानही तुलनेने कमी आहे.

उत्तर ६: तावदान

खिडक्या आणि वरचा मजला यांबद्दल थोडे.

पोलादी चौकटी काढून टाकू नयेत. गंज साफ करून, लोंबकळणाऱ्या झडपा सरळ करून, मूळ तावदाने तशीच ठेवावीत आणि आतल्या बाजूला दुसरी, हवाबंद बसणारी झडप द्यावी. हवाबंदी आतल्या झडपेला हवी. बाहेरची थोडी सैल राहिली तरच मधल्या पोकळीतले बाष्प बाहेर जाते. हे उलटे झाले, तर जुन्या काचेवर दररोज सकाळी पाणी साचेल. तळाला पाणी बाहेर नेणारा उतार नसेल, तर झडपा बसवण्याआधी तो करावा. नमुना खोलीत एएसटीएम ई ११०५ या अमेरिकी मानकाप्रमाणे पाण्याच्या फवाऱ्यासह दाब देऊन चाचणी घ्यावी. त्यात दर चौरस मीटरला मिनिटाला ३.४ लिटर पाणी मारले जाते. चौकट आणि वीट यांच्या सांध्यातून येणारे पाणी त्या वेळी दिसते, सदनिका विकल्यानंतर दिसण्यापेक्षा ते बरे.

नव्या दारा-खिडक्यांसाठी भिंत कापताना उघड्या पडलेल्या कडेकडे लक्ष असू द्यावे. जुन्या भिंतींत चांगल्या भाजलेल्या विटा दर्शनी थराला आणि कमी भाजलेल्या मऊ विटा गाभ्यात वापरत. कापल्यामुळे तो गाभा पावसात उघडा पडतो. याच कारणाने दंवाच्या चाचणीसाठी नमुने दोन्ही थरांतून घ्यावेत. वीट गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, पण कोणती वीट किती भरली असता फुटते, हे विटेगणिक बदलते. म्हणून प्रयोगशाळेला नुसते ‘टिकेल की नाही’ विचारू नये, किती भरल्यावर विटेची लांबी कायमची वाढू लागते, तो आकडा मागावा. तो आकडा, रिलेम नळीने (भिंतीला चिकटवायच्या, मोजपट्टी असलेल्या पाण्याच्या नळीने) जागेवर मोजलेले पाणीशोषण आणि स्थानिक पावसा-वाऱ्याच्या नोंदी घेऊन ईएन १५०२६ या युरोपीय मानकानुसार कालानुरूप बदलणारे गणन करावे. वुफी ही संगणक प्रणाली त्यासाठीच आहे. दवबिंदूच्या स्थिर गणिताला पाऊस दिसतच नाही.

वरच्या मजल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भिंत सर्वांत पातळ, पावसाचा मारा सर्वांत जास्त, वर कठडा, त्यात कैच्यांची टोके, आणि उंच इमारतीत हिवाळ्यात उबदार हवा वर चढून नेमकी छपराच्या सांध्यातूनच बाहेर पडायला पाहते. खालच्या तिन्ही मजल्यांवरचे बाष्प तेथे पोहोचते. म्हणून मजल्यांच्या मधल्या फळ्यांच्या फटी आणि नळांच्या वाटाही हवाबंद कराव्यात, आवाज आणि आग यांसाठी त्या तशाही कराव्या लागणारच आहेत. प्रत्येक सदनिकेला सतत चालणारे यांत्रिक वायुवीजन द्यावे. छपराचा रोधक पुरेपूर जाड करावा. भिंतीवर गमावलेली ऊर्जा तेथे बऱ्याच अंशी भरून निघते. पावसाच्या बाजूच्या भिंतीला मात्र वरच्या मजल्यावर आत्ता रोधक लावू नये.

दगडीजोते

आपल्या सूचनांनंतर एकच तपशील चारही मजल्यांना लावण्याचा विचार सोडून दिला आहे. तळमजल्यावर लेप आणि चुन्याचा गिलावा, मधल्या दोन मजल्यांवर ५० मिमी लाकूडतंतू, वरच्या मजल्यावर पावसाची बाजू वगळून इतर बाजूंना गणन अनुकूल आले तरच तोच फलक, असा प्रस्ताव मांडला आहे. वास्तुरचनाकारांना उघडी वीट मिळेल ती वरच्या मजल्यावरच्या त्याच वगळलेल्या भिंतीवर, आणि ती पाहून ते खूश आहेत. तुंबलेला नळ मोकळा झाला आहे, पण ती चार तुळईटोके किती काळ वाळू द्यावीत?

तुळईतज्ज्ञ

एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा काळ. चारही टोकांत तारेने जोडलेल्या टाचण्या कायमच्या बसवाव्यात आणि त्यांची वाचने खाली एका पेटीत घ्यावीत, म्हणजे दर वेळी फळी किंवा गिलावा उचकटावा लागणार नाही. आकडा २० च्या खाली येऊन पुढच्या पावसात तेथेच राहिला, तर लाकूड ठेवावे. प्रतिरोधयंत्राने आत पोकळी दाखवली असेल, तर मात्र वाट पाहू नये. रचना अभियंत्यांना आजच बोलवावे आणि तोवर त्या तुळयांखाली टेकू लावून घ्यावेत.